जिन्यातला कागद

(ज्ञातिसंघाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, कळवा येथे झालेले भाषण)



संमेलनाच्या व्यासपीठावरून बोलावयाचे म्हणजे ज्ञातीचा पूर्वेतिहास, आपले कुलाचार किंवा तरुण पिढीची कर्तव्ये, ह्यांपैकी एखादा विषय निवडावा असा आपला परिपाठ आहे. कार्यकारी मंडळाने ह्या वर्षी आम्हांस ‘नागरिक आणि महापालिका’ हा विषय दिला, तेव्हा प्रथम आम्हांस तो काहीसा रुक्ष वाटला. कर, परवाने, नालेसफाई, धोकादायक इमारती, हे शब्द वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर वाचावयाचे. हळदीकुंकू आणि विद्यार्थ्यांचा गुणगौरव ह्यांच्या मध्ये ते ऐकावयास कोणास आवडतील? परंतु विचार करता करता गेल्या वर्षी आमच्याच घरी घडलेला एक प्रसंग आठवला, आणि ह्या विषयावर न बोलणे हीच कसूर ठरेल अशी आमची खात्री पटली. तो प्रसंग आधी सांगतो. त्यात दोष आमचा आहे. म्हणून तो सांगण्याचा अधिकारही आमचाच आहे.

आपणांपैकी अनेकांस ठाऊक आहे की, आम्ही राहतो त्या इमारतीत आपल्या ज्ञातीची अकरा कुटुंबे आहेत. इमारत आता चाळिशीला येऊन ठेपली आहे. गिरगाव व लालबागच्या दहा बाय बाराच्या खोल्यांतून आमचे वडील येथे आले, तेव्हा स्वतंत्र स्वयंपाकघर आणि खिडकीतून दिसणारा पारसिकचा डोंगर ह्यांचे त्यांना केवढे अप्रूप! गेल्या वर्षी मे महिन्याच्या अखेरीस ह्याच इमारतीच्या जिन्यात महापालिकेचा एक कागद चिकटविण्यात आला. आम्ही तो पाहिला. रोज सकाळी गाडी गाठण्याच्या घाईत पाहिला आणि संध्याकाळी भाजीची पिशवी सांभाळीत पाहिला. वाचला मात्र कोणी नाही. आठ दिवसांनी त्याच्यावर कोणीतरी सत्यनारायणाच्या पूजेचे आमंत्रण चिकटविले. त्यावर पुढे शिकवणीची जाहिरात आली.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात, पावसाची झड लागली असता, दुसऱ्या मजल्यावरील सज्जाचा मोठा पोपडा खाली कोसळला. दहा मिनिटांपूर्वी त्याच जागी चार मुले पावसाचे पाणी अडवून खेळत होती. आईने हाक मारली म्हणून ती वर गेली होती. कोणास इजा झाली नाही, ही परमेश्वराची कृपा. त्या रात्री सर्व बिऱ्हाडकरू जिन्यात जमले, आणि कोणीतरी नखाने जाहिरात खरवडली, आमंत्रण खरवडले, आणि खालचा कागद बॅटरीच्या उजेडात मोठ्याने वाचला. त्या कागदात आमच्या इमारतीस तीस वर्षे उलटून गेली असल्याचे स्मरण दिले होते, मुदतीच्या आत तिची तपासणी करून घेण्यास सांगितले होते, आणि तसे न केल्यास काय होईल तेही लिहिले होते. मुदत संपून गेली होती. बंधुभगिनींनो, त्या रात्री आम्हांस महापालिकेचा राग आला नाही. आमची आम्हांलाच लाज वाटली.

आता त्या कागदामागील कायदा आपण समजावून घेऊ. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम हा मूळचा १९४९ सालचा कायदा. त्याच्या कलम २६५-अ प्रमाणे, इमारत वापरात आल्यापासून तीस वर्षे झाली म्हणजे महापालिकेकडे नोंद असलेल्या संरचना अभियंत्याकडून तिची तपासणी करून घेणे आणि ती राहण्यास सुरक्षित असल्याचे प्रमाणपत्र सादर करणे हे मालकाचे व रहिवाशांचे कर्तव्य आहे. हे न करणाऱ्यास पंचवीस हजार रुपये किंवा त्या मिळकतीच्या एका वर्षाच्या कराइतकी रक्कम, ह्यांपैकी जी अधिक असेल तेवढ्या दंडाची तरतूद आहे. तपासणीनंतर इमारतीस वर्ग मिळतो. ‘सी-१’ म्हणजे अतिधोकादायक. ती तत्काळ रिकामी करून पाडावयाची. ‘सी-२ए’ म्हणजे रिकामी करून तिच्या मूळ रचनेची दुरुस्ती करावयाची. ‘सी-२बी’ म्हणजे रिकामी न करता तशी दुरुस्ती करावयाची. आणि ‘सी-३’ म्हणजे किरकोळ दुरुस्ती पुरेशी. हे चार वर्ग प्रत्येक घरातील कर्त्या माणसास पाठ असावेत असे आम्हांस वाटते. कारण ‘धोकादायक’ हा एकच शब्द ऐकून आपल्यातील अनेक जण घाबरतात, आणि घाबरलेला मनुष्य कागद वाचावयाचेच टाळतो.

आमच्या जिन्यातही हेच झाले. त्या रात्री एक वयोवृद्ध गृहस्थ म्हणाले, “तपासणी करू नका. एकदा का शिक्का बसला, की घर गेलेच म्हणून समजा.” त्यांचे म्हणणे आम्ही हसण्यावारी नेले नाही. ज्याने आयुष्यभराची पुंजी दोन खोल्यांत घातली, त्याला घर सोडून भाड्याने जा म्हणणे सोपे नाही. गेलेला मनुष्य परत त्याच जागी येतोच असेही नाही, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. परंतु त्या भीतीला एक उत्तर आहे, आणि तेही कागदातच आहे. इमारत रिकामी करण्याची वेळ आली तर प्रत्येक कुटुंबाच्या ताब्यातील जागेचे मोजमाप होऊन त्याची नोंद व्हावी, अशी शासनाची सूचना आहे. ती नोंद मागून घ्यावी, तिची प्रत जपून ठेवावी. पुढे हक्क सांगावयाचा तो तिच्या आधारावर. कागदाकडे पाठ फिरविल्याने घर वाचत नाही. उलट हक्काचा पुरावा मात्र हातचा जातो.

आणि तपासणी टाळण्याची किंमत काय असते, हे सांगावयास दूर जावे लागत नाही. ४ एप्रिल २०१३ रोजी शीळ येथे, म्हणजे आपल्याच महापालिकेच्या हद्दीत, एक सात मजली अनधिकृत इमारत बांधून होत असतानाच कोसळली, आणि ७४ माणसे मृत्युमुखी पडली. ४ ऑगस्ट २०१५ रोजी नौपाड्यात बी केबिन भागात एक जुनी इमारत पहाटे कोसळली. त्यात बारा जण गेले. एक इमारत नवी होती, दुसरी जुनी. पहिल्या ठिकाणी परवानगीचा कागदच नव्हता. दुसऱ्या ठिकाणी वयाने इमारत थकली होती. म्हणजे घर घेताना कागद पाहावा लागतो, आणि घरात राहतानाही पाहावा लागतो.

आपले कळवे हे गाव कसे वसले आहे ते पाहा. एका अंगास खाडी, दुसऱ्या अंगास पारसिकचा डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत रेल्वे, रस्ते आणि आपण सारे. १८५४ साली आगगाडी ठाण्याची खाडी ओलांडून कल्याणकडे निघाली तेव्हा येथे शेते, मिठागरे आणि कोळी-आगरी बांधवांची घरे होती. १ ऑक्टोबर १९८२ रोजी ठाणे महानगरपालिका स्थापन झाली, आणि १८६३ पासून चालत आलेल्या ठाणे नगरपालिकेच्या हद्दीस भोवतालची गावे जोडली गेली. त्यांत कळवेही होते. गावाचे शहर होण्यास एक दिवस पुरला, परंतु गावकऱ्याचा नागरिक होण्यास पिढी लागते. गावात दवंडी पिटली जाई, आणि ती न ऐकणे कोणास शक्य नसे. शहरात दवंडी कागदावर येते, आणि कागद न वाचणे अगदी सोपे असते.

डोंगराची बाजू घ्या. १९ जुलै २०२१ रोजी कळवा पूर्वेस घोलाईनगर येथे पावसात दरड कोसळून एकाच कुटुंबातील पाच जण दगावले. डोंगरउताराच्या वस्त्यांना पावसाळ्यापूर्वी स्थलांतराच्या सूचना दिल्या जातात. त्या सूचना ज्यांना मिळतात ते बहुधा गरीब असतात. जावे कोठे, हा त्यांचा प्रश्न खरा असतो. आपल्या ज्ञातीतील काही कुटुंबेही डोंगराच्या पायथ्याशी राहतात. पावसाची झड सलग चालली असता, मातीतून गढूळ पाणी झिरपू लागले, भिंतीस नवी चीर पडली, झाड किंवा विजेचा खांब कलला, तर सामानाचा मोह न धरता बाहेर पडावे. अशा चार रात्रींसाठी आपल्या ज्ञातिगृहाचे सभागृह उघडे ठेवावे, अशी आमची मंडळास विनंती आहे. लग्नसराईत ते भाड्याने देतो. आषाढात ते रिकामेच असते.

खाडीची बाजूही तशीच. आपल्या भागातील नाले अखेर खाडीस मिळतात. मोठ्या भरतीच्या वेळी खाडीचे पाणी वर चढते, नाल्याचे पाणी बाहेर जाऊ शकत नाही, आणि त्याच सुमारास जोराचा पाऊस झाला तर ते उलटे वस्तीत शिरते. म्हणून पावसाळ्यात केवळ आभाळ पाहून भागत नाही. भरतीची वेळही पाहावी लागते. ते वेळापत्रक आधीच प्रसिद्ध होते. तळमजल्यावरील दुकानदारांनी ते भिंतीवर लावावे, आणि धान्याची पोती त्या दिवशी फळीवर चढवावीत. नालेसफाई पावसापूर्वी पुरी व्हावी हे महापालिकेचे काम खरे. तथापि साफ केलेल्या नाल्यात पुन्हा गादी, नारळाची करवंटी आणि प्लॅस्टिकची पिशवी कोण टाकतो, ह्याचा तपास करावयास आयुक्तांची गरज नाही. तो तपास आपण आपल्या गच्चीवर उभे राहूनही करू शकतो.

आता पाण्याविषयी. कळवा, मुंब्रा, दिवा ह्या भागांस औद्योगिक विकास महामंडळाकडूनही पाणी मिळते, आणि जांभूळ येथील त्याच्या शुद्धीकरण केंद्राच्या दुरुस्तीसाठी मधून मधून चोवीस तास पुरवठा बंद राहतो. बहुधा गुरुवारी मध्यरात्रीपासून शुक्रवारी मध्यरात्रीपर्यंत तो बंद असतो, आणि पुढील एक-दोन दिवस दाब कमी असतो. ही सूचना आधी प्रसिद्ध होते. आपल्या भगिनी ती सर्वांआधी वाचतात, हे येथे कौतुकाने नमूद केले पाहिजे, आणि घरातील पिंप, बादल्या, पातेली सारी भरून ठेवतात. येथपर्यंत सर्व ठीक. परंतु शनिवारी नळ आला, की ते पिंप तसेच राहते. डेंग्यूचा प्रसार करणारा डास गटारात वाढत नाही, स्वच्छ साठविलेल्या पाण्यातच वाढतो. अंड्यापासून डास होण्यास साधारण आठवडा-दीड आठवडा लागतो. म्हणून आठवड्यातून एक दिवस सर्व भांडी पूर्ण रिकामी करून घासून कोरडी करणे हा अगदी साधा उपाय आहे. त्यास कोणाचा परवाना लागत नाही. धुराची फवारणी करणारी गाडी आपल्या गल्लीत आली नाही अशी तक्रार आपण आवेशाने करतो. पण फवारणीने उडणारे डास मरतात, पिंपातील अळ्या मरत नाहीत. तसेच पुराच्या पाण्यातून चालून आल्यावर ताप आला तर तो अंगावर काढू नये. लेप्टोचा ताप लवकर ओळखला गेला तर बरा होतो.

झाडांची गोष्टही सांगितली पाहिजे. झाडांच्या संरक्षणासाठी राज्यात १९७५ सालचा कायदा आहे, आणि आपल्या आवारातील झाड असले तरी ते परवानगीवाचून तोडता येत नाही. धोकादायक फांदीविषयी अर्ज करावयाचा तो मार्च-एप्रिलमध्ये करावा. पहिल्या वादळानंतर अर्जांचा ढीग पडतो, आणि आपण म्हणतो, “काही होत नाही.” सारांश, ऋतू बदलण्यापूर्वी अर्ज करणे हेच शहरातील शहाणपण. आपले आजोबा मृगापूर्वी घर शाकारीत असत. तीच ही रीत. फक्त कौलांच्या जागी कागद आला आहे.

ह्यापुढे परवान्यांकडे वळतो. आपल्या ज्ञातीत किराणा, शिवणकाम, पोळी-भाजी केंद्र, दिवाळीचा फराळ, कार्यालयांतील जेवणावळी अशा लहान धंद्यांवर उभी असलेली घरे पुष्कळ आहेत. त्यांच्यात एक समज दृढ आहे: ‘गुमास्ता’ हाती आला म्हणजे सर्व परवाने झाले. हा समज चुकीचा आहे. दुकाने व आस्थापना ह्यांचा १९४८ चा जुना कायदा जाऊन २०१७ चा नवा आला. त्याचा संबंध प्रामुख्याने कामगार आणि त्यांच्या सेवाशर्ती ह्यांच्याशी आहे, आणि थोड्या नोकरांच्या दुकानास त्याखाली नोंदणीऐवजी नुसती सूचना देणे पुरते. ती जागा धंद्यास योग्य आहे, किंवा तेथील अन्न शुद्ध आहे, असे तो कागद सांगत नाही. अन्नासाठी २००६ चा अन्न सुरक्षा कायदा आहे; घरगुती लाडू-चकली विकणाऱ्या भगिनीसही त्याखाली नोंदणी करावी लागते, आणि मोठ्या धंद्यास परवाना. धोकादायक वा शेजाऱ्यांस उपद्रव देणारे साठे आणि धंदे ह्यांस महापालिका अधिनियमाच्या कलम ३७६ खाली वेगळा परवाना आहे. रस्त्यावर बसून विकणाऱ्यांसाठी २०१४ चा पथविक्रेत्यांचा कायदा आहे. त्यात सर्वेक्षण, ओळखपत्र आणि फेरीवाल्यांचे प्रतिनिधी असलेली नगर पथविक्रेता समिती ह्यांची तरतूद आहे. म्हणजे जो ताडपत्रीखाली बसतो, त्यालाही कायदा केवळ हुसकावीत नाही. तो हक्कही देतो. अट एकच, त्याने सर्वेक्षणाच्या दिवशी जागेवर हजर असावे, आणि नोंद झाल्याची खातरजमा करावी.

ह्या संदर्भात आपल्या तरुण मंडळींना एक प्रेमाचे सांगणे आहे. दिवाळीत फटाक्यांचे दुकान लावून चार पैसे मिळवावेत, असा बेत दर वर्षी होतो. उद्योगाची हौस चांगली आहे. परंतु तात्पुरत्या दुकानाचाही परवाना लागतो, आणि स्फोटकांच्या २००८ च्या नियमांनी त्याची मापे घालून दिली आहेत: दोन दुकानांत निदान तीन मीटर अंतर, वस्तीपासून पन्नास मीटर अंतर, दुकाने समोरासमोर नकोत, उघडा दिवा नको, आणि एका जागी पन्नासांपेक्षा अधिक दुकाने नकोत. ह्यातील प्रत्येक आकड्यामागे आगीचा अनुभव आहे. दर वर्षी १४ एप्रिलपासून अग्निशमन सप्ताह पाळला जातो, तो कशासाठी? १९४४ साली त्या दिवशी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत दारूगोळ्याने भरलेल्या बोटीचा स्फोट झाला, आणि आग विझविताना अग्निशमन दलाचे ६६ जवान कामी आले. त्यांच्या स्मरणार्थ तो सप्ताह आहे. त्याच न्यायाने, फराळाच्या मोठ्या मागणीच्या दिवसांत घरगुती सिलिंडर धंद्यासाठी वापरणे नियमबाह्य आहेच, परंतु बंद खोलीत दोन-तीन सिलिंडर एकत्र ठेवणे हे त्याहून भयंकर आहे. उंच इमारतींत राहणाऱ्यांनीही लक्षात ठेवावे की, अग्निप्रतिबंधाच्या २००६ च्या कायद्याप्रमाणे बसविलेली उपकरणे चालू स्थितीत असल्याचे प्रमाणपत्र दर जानेवारी आणि जुलैमध्ये द्यावयाचे असते. भिंतीवरील लाल नळकांडे शोभेसाठी नव्हे. १०१ हा अग्निशमन दलाचा आणि ११२ हा सर्व संकटांचा क्रमांक प्रत्येक मुलास पाठ असावा.

येथे कोणी विचारील, “तुम्ही साराच दोष आमच्या पदरी घालता. महापालिकेची काही जबाबदारी आहे की नाही?” अवश्य आहे, आणि ती मागून घेण्याची साधनेही आहेत. २०१५ साली महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम आला. त्याने अधिसूचित केलेली प्रत्येक सेवा ठरावीक दिवसांत मिळणे हा आपला हक्क झाला. अर्ज केला की पोच आणि क्रमांक मिळाला पाहिजे. मुदतीत सेवा न मिळाल्यास वा कारणावाचून नाकारल्यास प्रथम अपील, मग द्वितीय अपील, आणि अखेरीस आयोगाकडे दाद मागता येते. कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यास पाचशे ते पाच हजार रुपये दंड होऊ शकतो. परंतु ह्या साऱ्याची सुरुवात एका पोचपावतीने होते. आपण मात्र तोंडी सांगून येतो, आणि तोंडी सांगितलेल्यास तारीख नसते. ज्याच्यापाशी पोच नाही, त्याच्यापाशी गाऱ्हाणे आहे, तक्रार नाही.

दुसरे साधन म्हणजे प्रभाग. १९९३ साली अमलात आलेल्या ७४ व्या घटनादुरुस्तीने शहरांच्या कारभारास घटनेत स्थान दिले. ठाणे महापालिकेच्या प्रभाग समित्यांत कळव्याची स्वतंत्र प्रभाग समिती आहे. तिचे कार्यालय आपल्या घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मतदारांच्या क्षेत्रसभेचीही तरतूद राज्याच्या कायद्यात २००९ पासून आहे, पण ती बहुतेक ठिकाणी कागदावरच राहिली. मार्च २०२२ मध्ये महापालिकेची मुदत संपल्यावर जानेवारी २०२६ मध्ये मतदान होईपर्यंत कारभार प्रशासकाकडे होता. त्या काळात, “नगरसेवकास सांगू,” असे म्हणण्याचीही सोय नव्हती. त्या वर्षांनी आपणांस एक धडा दिला: मध्यस्थावाचून कागद वाचता आला पाहिजे. आता लोकनियुक्त प्रतिनिधी आहेत, ही समाधानाची गोष्ट. परंतु तो धडा विसरू नये.

आपल्या दारातील एक उदाहरण देऊन हा भाग संपवितो. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील जुना पूल पुरात वाहून गेला. त्यानंतर आपला कळव्याचा ब्रिटिश अमदानीतील दगडी पूल वाहतुकीस बंद करण्यात आला, आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये खाडीवरील नवा पूल खुला झाला. मधली वर्षे आपण कोंडीत काढली, आणि चडफडलोही. परंतु दीड शतकाच्या त्या पुलाचे वय कोणीतरी मोजले, आणि तो पडण्यापूर्वी बंद केला. पुलावरून आपण दोन मिनिटांत जातो. घरात आपली मुले रात्रभर झोपतात. पुलाचे वय मोजणाऱ्या गावाने आपल्या घराचे वय मोजू नये काय?

आमच्या इमारतीचे पुढे काय झाले, हे ऐकण्याची आपणांस उत्सुकता असेल. सज्जा पडल्याच्या दुसऱ्या रविवारी सभा झाली. उशीर झाल्याचे कबूल करून आम्ही लेखी अर्ज दिला आणि पोच घेतली. नोंदणीकृत अभियंत्याने खांब, तुळया, गच्ची सर्व तपासले. दुसऱ्या मजल्याच्या न्हाणीघरांतील गळतीने आतील लोखंड गंजले होते, आणि गंजलेले लोखंड फुगून सिमेंटचा थर फोडीत होते. वर्ग मिळाला ‘सी-२बी’. घर सोडावे लागले नाही. दुरुस्ती मात्र तातडीने करावी लागली. वर्गणीचा आकडा ऐकून दोन कुटुंबांचे चेहरे उतरले. एक सेवानिवृत्त, एक विधवा भगिनी. तेव्हा आपल्या ज्ञातिसंघाने त्यांना बिनव्याजी रक्कम दिली, ह्याची नोंद अहवालात एका ओळीत आली आहे. ती ओळ लहान आहे. परंतु आमच्या जिन्यात तिचे मोल फार मोठे आहे. ज्या वृद्ध गृहस्थांनी तपासणीस विरोध केला होता, तेच पुढे रोज खुर्ची टाकून गवंड्यांवर देखरेख करीत बसत. तपासणी मुदतीत केली असती, तर मुलांच्या खेळण्याच्या जागी तो पोपडा पडलाच नसता, ही बोचणी आमच्या मनातून गेलेली नाही.

म्हणून आम्ही आपणांसमोर तीन साध्या सूचना ठेवितो. पहिली: ज्या ज्या इमारतीत आपली दोन-चार कुटुंबे आहेत, तेथे एका व्यक्तीने ‘सूचनावाचक’ व्हावे. हे काम भगिनी अधिक चोखपणे करतील असा आमचा विश्वास आहे. महापालिकेची कोणतीही सूचना आली की तीत तीन गोष्टी शोधावयाच्या: ती कोणी काढली, मुदत कोणत्या तारखेची, आणि आपण काय करावयाचे. दुसरी: ज्ञातिगृहात एक फलक असावा. मार्चमध्ये झाडे व नाले, मेमध्ये इमारती व डोंगरउतार, श्रावणात गणपतीच्या मंडपाची परवानगी व विसर्जनाच्या कृत्रिम तलावांची माहिती, आश्विनात फराळ व फटाके ह्यांचे परवाने, अशा क्रमाने त्यावर मजकूर लागावा. तिसरी: विद्यार्थी साहाय्य निधीस हात न लावता, इमारतींच्या तपासणीसाठी व दुरुस्तीसाठी एक वेगळा निधी उभारावा. लग्नकार्यातील आहेराऐवजी त्यास काही रक्कम देण्याची प्रथा आपण पाडू शकतो.

ज्ञातिसंस्था कशासाठी, असा प्रश्न आज तरुण विचारतात, आणि तो विचारण्याचा त्यांना अधिकार आहे. संकुचितपणाने एकत्र येण्यास आमचा पाठिंबा नाही. आमच्या इमारतीतील अकरा घरे आपल्या ज्ञातीची आहेत, पण जिना सर्वांचा आहे. पोपडा पडताना कोणाचे कूळ पाहत नाही. आपल्या सूचनावाचकाने वाचलेला कागद शेजारच्या प्रत्येक दारी सांगितला पाहिजे. तसे झाले तर आपली संस्था गावाच्या उपयोगी पडली असे म्हणता येईल.

आज घरी परतताना प्रत्येकाने आपल्या जिन्यात क्षणभर थांबावे. तेथे एखादा कागद असेल. त्याच्यावर दुसरा चिकटला असेल, तर तो हलकेच काढावा, आणि खालचा वाचावा. एवढीच विनंती.